बोक्षीचा आस

मासे शिकायला कॉलेज असतं, हे आमच्या वाडीला पटायला बरीच वर्षं गेली. डॉक्टरकीचं असतं, वकिलीचं असतं, मास्तर व्हायचं असतं, पण मासे? खारव्याच्या पोराला ते आईच्या दुधाबरोबर येतात, अशी सगळ्यांची समजूत. "घरात होडी हाय, बोक्षी हाय, बापूस हाय. आनखी कोन शिकवनार तुला मासं?" शेजारची आजी मला दारातून हाक मारून विचारायची. मी कॉलेजात जाऊन मासे पकडायला शिकणार, असं तिला वाटे. पुढे मी तिथेच मास्तर झालो, तेव्हा तिचा प्रश्न थोडा बदलला. "पोरं समुद्रावर जातात का तुझी? न्हाय? मग शिकवतोस काय?"

शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. तिच्या खाडीच्या आतल्या अंगाला आमची वाडी. देशावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की खाडीतली मासेमारी ही समुद्रातल्या मासेमारीची धाकटी, गरीब बहीण. मोठं इंजिन नाही, बर्फ नाही, दहा-पंधरा दिवसांची सफर नाही. पाग फेकायचा, कांडाळ लावायची, नाही तर बोक्षी. बोक्षी म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, मागे निमुळतं होत जातं. खाडीत रोवलेल्या दोन खुंटांना ते बांधायचं आणि पाण्याच्या ओढीला त्याचं काम करू द्यायचं. ओढ जेवढी जास्त तेवढं जाळ्यात जास्त. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोक्षी, आणि मधल्या भांगाच्या दिवसांत जाळ्याची डागडुजी. जाळ्याच्या शेवटच्या टोकाला खोला म्हणतात. सगळा माल त्यात येऊन साठतो. खोल्याचा आस, म्हणजे जाळीच्या एका घराचं माप, अगदी बारीक असतो. इतका बारीक, की करंगळीसुद्धा जाऊ नये. ह्या खोल्याशी माझी पुढची सगळी नोकरी बांधली जाणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय निघालं १९८१ साली, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली. देशातलं असलं पहिलं कॉलेज मंगळूरला १९६९ मध्ये सुरू झालं होतं, आणि मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय संस्था १९६१ पासून होती, पण बी.एफ.एस्सी.ची पदवी आपल्या राज्यात, आपल्या किनाऱ्यावर मिळायची ती इथेच. मी बारावी सायन्स झालो ते पुढच्या वर्षी. गुण बरे होते, इंजिनिअरिंगला जाण्याइतके नव्हते. आमच्या हायस्कुलातल्या सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्यासाठीच काढलंय बघ हे." आबांनी कात्रण उलटंसुलटं बघितलं. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश. मग म्हणाले, "चार वरसं? मासा चार वरसांत शिकून व्हतो काय?" ही नाराजी होती की चेष्टा, ते मला आजवर कळलेलं नाही.

पैशांचं आयेने बघितलं. त्या वर्षीची सुकट तिने गावात वाट्यांनी विकली नाही, साठवून ठेवली. पोती भरली, लाँचने आणि मग एसटीने संगमेश्वरच्या बाजारात नेली आणि परत येताना पदराच्या गाठीत माझी फी आणली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, जवळा, करंदी. बोक्षीच्या खोल्यातली.

कॉलेजात पहिल्या वर्षी माझी पंचाईतच झाली. सगळ्यांना वाटे, ह्याला सगळं येतं. बांगडा ओळखायला सांगितला की सगळी पोरं माझ्याकडे बघत. मी म्हणे बांगडा, आणि सर म्हणत, "शास्त्रीय नाव?" रॅस्ट्रेलिजर कानागुर्टा. हे नाव पाठ करताना जिभेला गाठी पडल्या. पुढे कळलं, की 'कानागुर्टा' हा लॅटिन शब्दच नाही. पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर दोनशे माशांची चित्रं काढून घेतली, तिथल्या कोळ्यांना नावं विचारली आणि १८०३ मध्ये पुस्तक छापलं. बांगड्याला तेलुगू कोळी जे म्हणाले तेच पुढे जगाच्या शास्त्रात कायम झालं. रोहू, कटला, मृगळ ह्यांचंही तसंच. हॅमिल्टन-ब्यूकॅनन ह्यांनी गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ लिहिला, त्यातली ही बंगाली नावं. मी शिक्षक झाल्यावर दर वर्षी पहिल्या तासाला हे सांगायचो. विदर्भातली, मराठवाड्यातली, कधी समुद्र न पाहिलेली पोरं लॅटिनला घाबरून बसलेली असायची. ती जरा सैल व्हायची. आणि मिरकरवाड्याची, हर्णैची पोरं ताठ बसायची.

भरती-ओहोटीचा तास माझ्या चांगला लक्षात आहे. फळ्यावर चंद्र, पृथ्वी, सूर्य, बाण. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे समीकरणाने सिद्ध झालं. आबा हे तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. फळ्यावरच्या पन्नासाशी पाच मिनिटांचा फरक. मी हात वर करून ते सांगितलं. सर क्षणभर थांबले, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे परीक्षेत लिहू नका." वर्ग हसला. पण ते सर खरे शिक्षक होते. पुढच्या सुट्टीत ते आमच्या घरी आले, आबांबरोबर होडीतून खुंटापर्यंत गेले, आणि आबांनी त्यांना पाण्याचा रंग, पाण्याची ओढ, पाण्याचा वास ह्यावर दोन तास 'लेक्चर' दिलं. परतताना सरांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. आबा आयेला म्हणाले, "बरा मानूस हाय. इचारतो तरी."

एम.एफ.एस्सी. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. ह्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. प्राध्यापकाची नोकरी बाहेरून दिसते तेवढी समुद्रावरची नसते. हजेरीपट, प्रश्नपत्रिका, परीक्षानळ्यांची मागणी, सहलीच्या गाडीचं डिझेल, फॉर्मॅलिनच्या बरण्यांवरची उडालेली लेबलं. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, ते निवृत्तीपर्यंत चुरचुरत राहिले. पहाटे पोरांना मिरकरवाडा बंदरावर न्यायचं, लिलाव चालू असताना त्यांना माशांची लांबी मोजायला लावायची, आणि मासेविक्रेत्या बायकांच्या शिव्या आपण खायच्या. "मोजतोस काय, घेतोस काय?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. दर १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली त्या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. त्याआधी तळ्यात सोडायला बीज हवं, तर पावसाळ्यात नदीतून गोळा करून आणावं लागे, आणि त्यात काय काय भेसळ निघेल ह्याचा नेम नसे. आज सांगली-सोलापूरकडचा शेतकरी शेततळ्यात कटला-रोहूची बोटुकली सोडतो, त्याच्या मागे ती टोचणी आहे. हे सांगताना माझा आवाज दर वर्षी चढायचा. पोरं एकमेकांकडे बघून हसायची, हसू देत.

माझा स्वतःचा विषय मात्र टोचणीचा नव्हता. पीएच.डी.साठी मी बोक्षी घेतली.

कारण साधं होतं. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते, एकेक मादी लाखांनी. अंड्यातून निघालेले जीव प्रवाहाबरोबर वाहत वाहत किनाऱ्याकडे येतात आणि भरतीबरोबर खाडीत शिरतात. कांदळवनाच्या मुळाशी, चिखलात, निमखाऱ्या पाण्यात काही महिने वाढतात आणि मग परत समुद्राची वाट धरतात. तिथे त्यांची कोळंबी होते, ती जिला बंदरावर भाव मिळतो. बोय, तांबोशी, गोब्रा ह्यांचीही पिल्लं खाडीत वाढतात. म्हणजे खाडी ही बालवाडी, आणि आमची बोक्षी त्या बालवाडीच्या दारात लावलेली. तिच्यातून काय जातं, काय अडकतं आणि खोल्याचा आस थोडा मोठा केला तर काय सुटेल, हे मोजायचं.

मोजण्याची पद्धत अशी. मोठ्या आसाचा खोला लावायचा आणि त्याच्यावरून आणखी एक सैल, बारीक आसाचं आवरण चढवायचं. खोल्यातून जे निसटेल ते आवरणात सापडतं. मग दोन्ही ठिकाणचा माल वेगवेगळा मोजला, की कळतं किती लांबीचा जीव सुटतो आणि किती लांबीचा अडकतो. मी हे दादाला, माझ्या थोरल्या भावाला समजावून सांगितलं. आबा थकल्यापासून बोक्षी तोच लावत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे जे पळालं ते पन धरायचं?"

"हो. मोजायला."

"मग सुटलं काय?"

माझ्या गाइडना मी हा संवाद सांगितला तेव्हा ते खूप हसले. पण मला ते पुरतं हसण्यावारी नेता आलं नाही. प्रत्येक उधाणाला, दिवसा-रात्री, पावसाचे दिवस सोडून, दादा माझ्यासाठी तो दुहेरी खोला लावत राहिला. त्याचे त्याला वेगळे पैसे देण्याची सोय विद्यापीठाच्या कुठल्या शीर्षकात बसत नव्हती. मी खिशातून द्यायचो, तो घ्यायचा नाही. मग वहिनीच्या डब्यात ठेवून यायचो.

निवडायचं काम पडवीत चाले. कंदील, परात, पाण्याची बादली, माझा भिंग आणि चिमटा. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखं टोक असतं. त्या करवतीला वर किती दात, खाली किती दात, ह्यावरून जात ठरते. पिल्लाची करवत नखाच्या कोरेएवढी. मी एकेक उचलून भिंगाखाली दात मोजत बसे. आये आणि वहिनी शेजारी बसून बोटांनी सरासरा ढीग पाडत. करंदी एकीकडे, जवळा एकीकडे, "ही मोठीची पोरं" एकीकडे. मी त्यांचे ढीग तपासायला घेतले. अंधारात, भिंगाशिवाय, त्यांच्या चुका माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी होत्या. वहिनीला विचारलं, कशावरून ओळखतेस? ती म्हणाली, "उडी मारते ना ती, मोठीची पोर. करंदी नुसती वळवळते." मेलेल्या कोळंबीचं काय, असं विचारल्यावर तिने वैतागून माझ्याकडे बघितलं. "तिचं बी कळतं. हाताला."

प्रबंधाच्या आभारांच्या पानावर 'स्थानिक मच्छीमार कुटुंबाचे सहकार्य' अशी ओळ होती. ती मी खोडली आणि चौघांची नावं घातली. टंकलेखकाने विचारलं, "सर, हे कोण? कुठल्या विभागाचे?"

निष्कर्षातला एक भाग अपेक्षित होता. ठराविक उधाणांना खोल्यात मोठ्या कोळंबीची पिल्लं पुष्कळ येतात आणि आस वाढवला तर त्यांतली बरीच सुटतात. दुसऱ्या भागाने मात्र माझी झोप उडवली. बोक्षीतलं सगळंच बारीक हे पोर नसतं. जवळा हा पूर्ण वाढलेला जीवच मुळी इंच-सव्वा इंचाचा. तो वर्षभरही जगत नाही. त्या आयुष्यातच अंडी घालून मोकळा होतो. करंदीचंही थोडंफार तसंच. त्यांना सोडून देऊन पुढच्या वर्षी काही मोठं मिळणार नाही. म्हणजे तराजूत एका पारड्यात खरी पोरं, दुसऱ्या पारड्यात जन्मजात बारीक माणसं, आणि जाळ्याला त्यांतला भेद कळत नाही. आस वाढवला की दोन्ही जातात. जवळा गेला की सुकट गेली, आणि सुकट गेली की घरातल्या बायकांच्या हातातला पैसा गेला. पुरुषांच्या पैशाला जायला पुष्कळ वाटा असतात. पोरांच्या वह्या, औषधं आणि उसनं-पासनं हे सुकटीवर चालतं. हे मी कुठल्या तक्त्यात मांडणार?

इंग्रजीत शोधनिबंध छापून आले. वाडीत त्याचा कुणाला पत्ता नव्हता. पण मला वाटे, ज्यांच्या जाळ्यातून हे सगळं काढलं त्यांच्यापुढे ते मांडायलाच हवं. एका भांगाच्या दिवशी संध्याकाळी देवळात बैठक बोलावली. कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून नेलं होतं. कोळंबीच्या आयुष्याचं चित्र काढलं होतं. पंचवीस-तीस माणसं आली, बायका मागे खांबाला टेकून बसल्या. मी बोललो. ठराविक उधाणांना तरी मोठ्या आसाचा खोला लावा, असं शेवटी सांगितलं.

पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "आमचा आस मोजतोस, भायर पर्ससीनवालं आख्खं थवंच्या थवं उचलतात, त्यांचा कोन मोजनार?" त्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि नव्हतंही. राज्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा, म्हणजे आमच्या कॉलेजच्याच वयाचा. पण कायद्याची गस्ती नौका एक आणि किनारा सातशे वीस किलोमीटर, असं आम्ही शिक्षक खोलीत विनोदाने म्हणायचो. दुसरा म्हणाला, "जवळा सोडला तर तो काय उद्या सुरमई व्हनार हाय?" सगळे हसले. मी म्हटलं, नाही होणार, आणि माझ्याही कागदात तेच लिहिलंय. हे ऐकून ते थोडे चपापले. शिकलेला माणूस आपल्या बाजूचं काही बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग दादा उठला. घरी तो कधी माझ्याशी वाद घालत नसे.

"बाबू, तू शिकलास ते सुकटीवर. आयेनं पोती नेली संगमेसरला, मी डोक्यावरनं लाँचीपोत पोचवली. त्या पोत्यांत मोठीची पोरं किती व्हती, ते काढलंस काय तुझ्या हिशेबात?"

देवळात कुणी हललं नाही. मागे आये बसली होती. मी तो हिशेब खरोखरच केला होता, कागदावर नाही, मनात. एका पोत्यात साधारण किती जीव आणि त्यांत किती हिस्सा पिल्लांचा, हे मला आता ठाऊक होतं.

"काढलं," मी म्हटलं. "लई व्हती."

"मग ती सोडली असती तर तू आज आमाला सांगाय हितं आला नसतास."

"न्हाय आलो असतो."

तो खाली बसला. रागाने नाही, बोलायचं होतं ते बोलून झालं म्हणून. बैठक तशीच मोडली. चहा झाला. बाहेर पडताना आये मला म्हणाली, "त्याचं खोटं न्हाय. तुझं बी खोटं न्हाय. जेवाय चल."

त्यानंतर काही महिन्यांनी एका कार्यालयात किनाऱ्यावरच्या जाळ्यांबद्दल सल्ला द्यायला मला बोलावलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, घाईत होती. मी तक्ते मांडले, जवळ्याचं सांगितलं, हंगामाप्रमाणे वेगळा आस ठेवता येईल असं सुचवलं. खुर्चीतले साहेब म्हणाले, "सर, हे सगळं ठीक आहे. तुम्ही एक आकडा सांगा." मी म्हटलं, एक आकडा सांगितला तर तो कुणासाठी तरी चुकीचा असेल. ते म्हणाले, "तो कुणासाठी तरी असतोच." टिपणातून जवळ्याचा परिच्छेद वगळला गेला. मी त्यावर लेखी हरकत घेतली आणि तिची पोच माझ्याकडे अजून आहे. ह्यापलीकडे त्या हरकतीचं काही झालं नाही.

कायदे मात्र हळूहळू हलले. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतावर होणाऱ्या मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये जुन्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि चोपन्न जातींचा किमान आकार ठरला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नसत, आता १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी. ह्यातलं किती पाळलं जातं हे बंदरावर पहाटे उभं राहिलं की दिसतं. तरी मी ह्या कायद्यांना नावं ठेवणार नाही. माझ्या पोरांपैकी, म्हणजे विद्यार्थ्यांपैकी, काही जण आज त्याच खात्यात अधिकारी आहेत. एकीने सांगितलं, "सर, पहिल्यांदा नौका अडवली तेव्हा तांडेल माझ्या मामांच्या ओळखीचा निघाला." मी विचारलं, मग काय केलंस? "मोजलं," ती म्हणाली. "आणि मामांकडे महिनाभर जेवायला गेले नाही."

देवळातल्या बैठकीनंतरच्या मोसमात दादाने मला काही न सांगता एक गोष्ट केली. त्याने दोन खोले विणले, एक बारीक, एक मोठ्या आसाचा. वहिनी पडवीत निवडायला बसे. उड्या मारणारी जास्त दिसायला लागली, की ती सांगे, आणि पुढच्या भरतीला दादा मोठ्या आसाचा खोला बांधी. ती कमी झाली, जवळा आला, की पुन्हा बारीक. माझ्या तक्त्यातली उधाणं आणि वहिनीच्या परातीवरून ठरलेली उधाणं मी नंतर शेजारी ठेवून पाहिली. बहुतेक जुळत होती. जिथे जुळत नव्हती तिथे पाऊस लांबला होता किंवा खाडीला वरून पूर आला होता, आणि वहिनीचं बरोबर होतं. वाडीतल्या आणखी तीन घरांनी तसं केलं, बाकीच्यांनी नाही. समोरच्या काठाने तर हसण्यावारी नेलं. "तुमी सोडा, आमी धरतो," असं ते होडीतून ओरडून सांगायचे, आणि खरोखर धरायचेही. ह्याने खाडीत कोळंबी वाढली का, असं मला वर्गात पोरं विचारत. चार घरांच्या खोल्यांनी अख्ख्या खाडीतलं काही सिद्ध होत नसतं, असं मी त्यांना सांगायचो, आणि ते शास्त्र म्हणून बरोबरच होतं.

पण दर वर्षी तिसऱ्या वर्षाची पोरं घेऊन मी तिथे जायचो. दादा त्यांना खोला दाखवायचा, वहिनी ढीग पाडून दाखवायची. उदगीरकडची एक मुलगी, घरी मासा शिजत नाही अशी, वहिनीच्या शेजारी बसून दोन तासांत हाताने ओळखायला शिकली. भिंग तिने मला परत दिलं.

आये आणि आबा आता नाहीत. मी निवृत्त होऊन रत्नागिरीतच राहतो. पुतण्या जयगडला कंपनीत सुपरवायझर आहे; बोक्षीला हात लावत नाही, आणि त्याला लावायला सांगावं असं दादालाही वाटत नाही. मोठ्या बोटींवर आता नेपाळचे खलाशी आहेत. दादाने सत्तरी ओलांडली तरी उधाणाला तो आणि वहिनी खुंटावर जातात. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. खोला विरलाय, रत्नागिरीहून नवी जाळी पाठव, म्हणाला. माप त्याने बोटांत सांगितलं, मी ते मिलिमीटरमध्ये करून घेतलं आणि दुकानात गेलो.

दुकानदार ओळखीचा. त्याने गठ्ठा काढला, आस ताणून बघितला आणि विचारलं, "सर, हे बोक्षीच्या खोल्याला? एवढा मोठा?"

"मोठीची पोरं असतात तेवढ्यापुरता," मी म्हटलं. "आणि बारीक पण द्या. जवळ्याला."